मुशीच्या तेलाची पिशवी

पिशवीच्या उजव्या शिवणीतून तेलाचा एक थेंब बाहेर येत होता. व्यास अंदाजे तीन मिलिमीटर, रंग काळपट पिवळा. तो सुटून खाली पडायला सव्वा मिनिट लागलं. त्याच्यात एक माशी अडकली होती आणि तिचे मागचे दोन पाय अजून हलत होते. भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या लाँचमध्ये ही पिशवी माझ्या पायांपासून फूटभर अंतरावर ठेवलेली होती. शेजारची एक म्हातारी तोंडाला पदर लावून उठली आणि पार टोकाला जाऊन बसली. मला उठता येत नव्हतं. त्या पिशवीत आमच्या मोहिमेचा जीव होता.

मोहीम एका फुलासाठी होती. आदल्या वर्षी, म्हणजे १९५६ च्या सप्टेंबरात, बोर्ली पंचतनच्या पलीकडे कावळकड्यावर मला एक बारीक वेल सापडली होती. दोन इंचांचं फूल, खाली फुगीर, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळलेली, टांगलेल्या कंदिलासारखं. नोंदींत असं फूल कुठेच नव्हतं. पण वाळवलेल्या नमुन्यात त्याचा आकार चपटा झाला, आणि तज्ज्ञांनी कळवलं की जिवंत फुलाचा फोटो असल्याशिवाय आम्ही मान्य करणार नाही. फुलं वर्षातून जेमतेम आठवडाभर टिकतात. यंदा चुकलं तर पुन्हा वर्ष गेलं.

कॉलेजचा कॅमेरा आमच्या विभागाचे प्रमुख, प्रा. नागावकर यांच्या ताब्यात होता. ते म्हणाले, "फोटो मी काढेन. सगुणाबाई, तुम्ही जागा दाखवा."

फोटो मीच काढणार, असं मला तेव्हाच म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

पिशवीची निवडही त्यांचीच. मी तीन पिशव्या तपासल्या होत्या. दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेली लष्करी कॅनव्हासची मला पसंत होती. वजन पाठीवर सारखं पडतं, हात मोकळे राहतात. सरांनी एका खांद्याची शिकारी पिशवी घेतली, कारण ती रुबाबदार दिसत होती. मग थळ गावी मेहुण्यांकडे गेले असताना मच्छीमार होडीच्या एका तांडेलाने त्यांना सांगितलं की होडीच्या लाकडाला मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल पाजलं की पाणी आत शिरत नाही. सरांनी पिशवीला चार हात दिले. होडी उघड्या वाऱ्यावर असते आणि तिच्यात कोणी फोटोच्या काचा ठेवत नाही, हा फरक त्यांच्या लक्षात आला नाही.

रेवसला उतरलो तेव्हा तीन कुत्री आमच्यामागे लागली. मोटारीत ड्रायव्हरने पिशवी टपावर टाकायला लावली. दोन खाड्या होडीतून ओलांडल्या, आणि प्रत्येक होडीत माशा आमच्याबरोबर आल्या. सर वाटेत पिशवीवर हात ठेवूनच भाकरी खात. ती बोटं, ती भाकरी! मी तोंड फिरवत असे.

कड्याच्या पायथ्याशी ठमाबाईंचं घर. गवत आणि लाकूडफाट्यासाठी हा कडा त्या पन्नास वर्षं चढत होत्या. पडवीत पिशवी टेकताच त्यांनी नाक मुरडलं.

"मास्तर, पाठीवं मेलेली मुशी घेऊन आलाव काय?"

"वॉटरप्रूफ आहे ती," सर म्हणाले.

"आसंल. पन तुळशीपासनं लांब ठेवा."

मला वासाहून मोठी भीती होती. सुकणाऱ्या तेलातून निघणारी वाफ अंधारातही फोटोच्या प्लेटांवर परिणाम करते. कॉलेजात नव्या व्हार्निशच्या कपाटाने आमच्या दोन डझन प्लेटा अशाच खाल्ल्या होत्या. बारा प्लेटांपैकी सहा पिशवीत होत्या, सहा मी माझ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. दुपारी सर झोपले. मी पिशवीतली एक प्लेट घेऊन ठमाबाईंच्या भाताच्या कोठीत शिरले, दार लावलं, तांबड्या दिव्यात ती सोबत आणलेल्या रसायनात धुतली. कधीही उजेड न पाहिलेली काच पारदर्शक निघायला हवी होती. ती गढूळ राखाडी निघाली. मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखी.

संध्याकाळी मी सुरुवात केली. "सर, त्या तेलाची वाफ–"

"सगुणाबाई, दर्यावर्दी माणसांचं हजार वर्षांचं ज्ञान आहे ते! आणि सकाळी त्या डब्यातल्या प्लेटाही पिशवीत घाला. सामान एका जागी हवं."

मी मान डोलावली. माझीच मला शिसारी आली.

पहाटे सर ओढ्यावर गेले तेव्हा मी कॅमेरा पिशवीतून काढला आणि फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. कॅमेरा सव्वाचार पौंडांचा. तेवढ्याच वजनाचं काय मिळेल, असं ठमाबाईंना विचारलं. त्यांनी वरवंटा पुढे केला.

"माज्या सासूचा हाय बाय. मागारी आनून दे."

वरवंटा पिशवीत गेला. डबा ठमाबाईंनी घोंगडीत घेतला, घोंगडीची दोन टोकं माझ्या दोन्ही खांद्यांवरून आणून छातीवर गाठ मारली. दोन्हीकडे सारखा भार! चांगल्या पिशवीकडून मला याहून जास्त काही नको होतं.

ठमाबाईही आमच्याबरोबर निघाल्या. पहिला तास बरा गेला. मग पाऊस. करवंदीच्या जाळ्या, निसरडी माती, आणि पायांवर जळवा. सरांच्या पोटरीवर मी सात मोजल्या. त्यांच्या सदऱ्यावर तेलाचा भलामोठा डाग पसरला होता, पावसाने वास कमी होण्याऐवजी जास्तच उठला होता. वाकलं की पिशवी खांद्यावरून घसरून पोटावर यायची. ते ती मागे ढकलायचे, ती पुन्हा पुढे!

दहाच्या सुमारास आम्ही कड्याच्या पट्टीवर पोचलो. दीड फूट रुंद वाट. डावीकडे खडक, उजवीकडे पोकळी. पलीकडच्या टोकाला, हातभर उंचीवर, वेल दिसली. सहा फुलं! जांभळट, ताजी, पावसात जरा हलणारी.

"मिळालं!" सर ओरडले आणि पुढे झाले.

वाटेतल्या फांद्यांवरचे तांबडे मुंगळे तेलाच्या वासाने आधीच पिशवीवर उतरले होते. ते आता सरांच्या मानेवर चढले. सरांनी झटका दिला. पिशवी घसरली, कोपरावरून सुटली आणि कड्याखाली गेली! दोन फुटांवर एका खुंटात पट्टा अडकला. पिशवी पोकळीवर लोंबकळू लागली.

सर पालथे पडले. हात खाली घातला. पुरेना. ते आणखी पुढे सरकले. छाती कड्याबाहेर गेली.

"मास्तर, मागं या!" ठमाबाईंनी त्यांचे दोन्ही घोटे धरले. "शेवाळ हाय! जाल खाली!"

"कॅमेरा आहे त्यात! कॉलेजचा कॅमेरा!"

त्यांच्या बोटांत पट्टा आला. तेलकट पट्टा! तो निसटला. त्यांनी पुन्हा पकडला. अंग इंचभर घसरलं. आणखी इंचभर. ठमाबाईंच्या टाचा मातीत रुतत होत्या.

हा माणूस एका वरवंट्यासाठी मरणार होता, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. वरवंटा कशाला हवा, ते मी ठमाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

"सर, सोडा ती!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "कॅमेरा माझ्या पाठीवर आहे. पिशवीत दगड आहे!"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग बोटं उघडली.

एक. दोन. तीन. तिसऱ्या सेकंदाला खालून आवाज आला. म्हणजे साधारण एकशे चव्वेचाळीस फूट. मी आणि ठमाबाईंनी त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. ते खडकाला टेकून बसले. हनुवटीवर शेवाळ, मानेवर मुंगळे, दोन्ही तळवे तेलाने चकाकत होते.

"सासूचा वरवंटा गेला," ठमाबाई दरीकडे बघत म्हणाल्या.

"मी खाली उतरून शोधीन," मी म्हटलं.

"शोध. मास्तरांपरीस जड हुता त्यो."

मी छातीवरची गाठ सोडली. डबा उघडला. आत कोरडं होतं. कॅमेरा, सहा प्लेटा, एकही डाग नाही. पहिली प्लेट बसवली. ढगांत फट पडली होती आणि कंदिलांवर मऊ उजेड आला होता.

सरांनी तो तेलकट हात पुढे केला.

"आणा इकडे."

मी कॅमेरा छातीशी धरला. कॉलेजात आणि काल संध्याकाळी जे बोलायचं राहून गेलं होतं, ते आता राहिलं नाही.

"नाही, सर. फोटो मी काढणार आहे."