मागे मोकळं

उद्यापासून तुम्ही दोघं लांब ट्रेलर हाती घेणार, म्हणून आज सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, पवनचक्कीची पाती वाहायचे. एकेक पातं साठ मीटरचं. असला माल रात्री एक ते चार एवढ्याच वेळात हलवायचा, परवान्यावर तसं लिहिलेलंच असतं. चार वाजले की आहे तिथे उभं राहायचं, दिवसभर. पुढे एक पायलट गाडी, मागे एक, आणि ट्रेलरच्या शेपटाशी एक माणूस. दाजींच्या शेपटाशी त्यांचा सख्खा धाकटा भाऊ असायचा. वळण आलं की तो उतरून मागे जायचा आणि वॉकीटॉकीवर सांगायचा, "मागे मोकळं." ते ऐकल्याशिवाय ब्रेक सोडायचा नाही.

बारा फेब्रुवारी, रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं. शेवटचं अवघड वळण. आतल्या बाजूला एक दुमजली घर, बाहेरच्या बाजूला गोदामाची भिंत. तिकडे माझी बहीण इस्पितळात, पहिलंच बाळंतपण, अडलेलं. दाजींचा जीव टांगणीला लागला होता.

"मागे मोकळं?" दाजींनी विचारलं.

त्यांनी बटण पुन्हा दाबलं.

"अरे, झोपलास का?"

नुसती खरखर.

अशा वेळी हँडब्रेक लावायचा, उतरायचं आणि स्वतः जाऊन बघायचं. दाजींनी घड्याळ बघितलं. आणि ब्रेक सोडला.

ट्रेलर दोन हात सरकला असेल. तेवढ्यात आवाज आला.

"मोकळं आहे, दादा. घे."

दाजींचा जीव भांड्यात पडला. धाकटा सांगत गेला. घे... अजून घे... थांब... आता घे. आवाज नेहमीचाच. फक्त त्याला दम लागत नव्हता. ट्रेलरबरोबर चालणारा माणूस जरा तरी धापा टाकतो.

घराचा कोपरा वीतभर अंतरावरून गेला. वळण संपलं.

"झालं, दादा."

मग काही नाही.

मागची पायलट गाडी दिवे मारत आली. तिचा ड्रायव्हर उतरून धावत आला.

"धाकटा..."

"मागेच आहे की," दाजी म्हणाले.

त्याने वळणाच्या तोंडाकडे, भिंतीकडे बोट दाखवलं.

ट्रेलर वळायला लागला की शेपूट आधी उलट्या बाजूला फेकलं जातं, हे तुम्ही शिकालच. धाकटा वळणाच्या तोंडाशीच भिंतीला चेंगरला होता. पहिल्या दोन हातांतच. त्याच्या वॉकीटॉकीची बॅटरी संपलेली होती. तेच सांगायला तो पुढे निघाला असणार.

बहिणीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. दाजींनी तीन दिवस लेकीला हातात घेतलं नाही. मला त्यांचा राग आला होता, आज त्याची लाज वाटते.

त्याच पहाटे पंचनाम्याला मी तिथे होतो. रस्त्याचं काम चालू होतं, कडेला बारीक भुकटी पसरलेली. तिच्यावर अनवाणी पावलं. धाकट्याच्या पायात बूट होते, नाड्या बांधलेल्या... पावलं भिंतीपासून निघाली होती. वळणभर, चाकांच्या बाजूने. थेट दाजींच्या केबिनच्या दारापर्यंत.

परतीची... नव्हती.