बघण्याची मजुरी

कलेतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मट्टांचेरीच्या बाजारात मी एकतीस वर्षं पोती वाहिली. पुढे गुडघे गेले. त्याच सुमारास बाजारातल्या जुन्या सुंठीच्या गोदामात कलेचं प्रदर्शन भरलं आणि तिथं राखणदाराचं काम मिळालं. सकाळी दहाला कुलूप काढायचं, झाडू मारायचा, मग दिवसभर खुर्चीत बसून लोकांना सांगायचं, हात लावू नका. एवढंच काम होतं.

माझ्या वाट्याला आतली खोली आली. तिथं अंबिली नावाच्या त्रिशूरच्या एका पोरीनं पोतं टांगलं होतं. होय, पोतं. बारीक तारांनी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. पोत्याच्या बुडाला पंच्याची चुंबळ बांधलेली, आणि चुंबळीखाली काही नाही, थेट फरशी. खिडक्या बंद, वर एक मिणमिणता दिवा, आणि भिंतींत मुरलेला शंभर वर्षांचा सुंठीचा वास. त्या मोकळ्या जागेकडे बघत माणसं मुकाट उभी राहायची. एक बाई तर रडली. मला हसू आवरेना.

"पोरी," मी अंबिलीला पहिल्याच दिवशी म्हटलं, "जन्मभर पोत्याखाली होतो, तेव्हा कुत्रंसुद्धा बघायला आलं नाही. तू खालचा माणूस काढून टाकलास आणि रांग लागली होय?"

"तेच तर आहे, चेट्टा," ती म्हणाली. "एकदा नीट बघा ना तुम्ही."

"बघण्याचं मला नको शिकवूस. बघण्याची मजुरी घेतलीय मी."

तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण ते खरं होतं. आमच्याकडे ही चाल होती. मालकानं बाहेरची माणसं लावून माल उतरवला, तरी टोळीच्या हमालांनी बाजूला उभं राहून नुसतं बघायचं आणि मजुरी घ्यायची. नोक्कुकूली म्हणायचे तिला. अट एकच, मालाला हात लावायचा नाही. हात लावला की ते बघणं राहत नाही, आणि टोळीत तोंड दाखवायची सोय उरत नाही.

पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, पोतं डावीकडे कललंय. दुसऱ्या कोणाला ते दिसलंही नसतं. आमच्या टोळीतला हमाल ओझं उजवीकडे झुकवून घ्यायचा, डावा हात आधाराला मोकळा ठेवायचा. डावीकडे झुकवून न्यायचा तो एकटा पळनी. तमिळ होता, टोळीबाहेरचा. चौदा वर्षांपूर्वी याच गोदामात माल उतरवायच्या फळीवरून तो पोत्यासकट खाली आला आणि मान मोडून मेला.

"पोतं वाकडं टांगलंयस," मी अंबिलीला म्हटलं.

"मी सरळच टांगते. रोज संध्याकाळी सरळ करून जाते आणि सकाळी हे असं असतं. वरची तुळई फुगत असेल. आत नुसता पेंढा आहे, चेट्टा. चार किलो."

त्यानंतर मी खुर्ची भिंतीकडे फिरवली. तरी नजर जायचीच. त्या पोरीचा मला मनस्वी राग यायचा. आणि त्या रागातच तिचं काम मला कळायला लागलं. ती जागा रिकामी नव्हती. गुडघे किती वाकलेत, भार कुठल्या पायावर आहे, कानामागून घाम कसा उतरतोय, सगळं तिथं होतं. पोरीनं फार चांगलं केलं होतं. इतकं चांगलं, की काडी लावून सगळं जाळून टाकावंसं वाटायचं.

पोतं रोज बोटभर खाली येत होतं. पट्टी लावून मोजलं नाही. आमच्या डोळ्यांना कळतं.

शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी तीनला, सेल्वी आली. पळनीची बायको. बाजाराच्या तोंडाशी गजरे विकते. येता-जाता मला विचारायची, "जेवलात का, अण्णा?" आणि मी मान हलवून पुढे सटकायचो. त्या दिवशी खोलीत सात-आठ माणसं होती. ती त्यांच्या मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. मग माझ्याजवळ आली.

"अण्णा, हे ह्यांच्यासारखं धरलंय..."

"पोतं आहे ते, बाई. पेंढा भरलाय."

"त्या दिवशी तुम्ही इथंच होतात. ह्यांनी हाक मारली होती का?"

हा प्रश्न तिनं मला आधी चारदा विचारला होता. हमालाचा तोल गेला की तो ओरडतो, पिडी, म्हणजे धर. ती हाक ज्याच्या कानावर पडेल त्यानं खांदा द्यायचा, मग ओझेवाला आपला असो की परका. तिला मी दर वेळी सांगितलं होतं की हाक मारायला वेळच मिळाला नाही. ते खोटं उघडं पडलं असतं, तर बाजारात मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नसतं.

"नाही," मी म्हणालो. "कितीदा सांगायचं?"

तारा करकरल्या. कोणीतरी नाकानं जोरात श्वास घेतला, ओझ्याखालचा माणूस घेतो तसा. सुंठीच्या वासात घामाचा वास मिसळला. आणि त्या मोकळ्या जागेतून अगदी दबलेला आवाज आला...

"पिडी..."

कोणी मान वळवली नाही. सेल्वी माझ्या तोंडाकडे बघत होती.

पोतं खाली येऊ लागलं. मी धावलो. गुडघ्यांचं भान राहिलं नाही. चुंबळीखाली डोकं घातलं. चुंबळ ओली होती... गरम होती. आणि वर पेंढा नव्हता. पुरं साठ किलोचं पोतं होतं, आणि त्याच्यावर अजून काहीतरी होतं. माझी मान डावीकडे गेली.

"पिडी," मी म्हणालो. मग ओरडलो.

सगळे बघत होते. एकानं मोबाईल वर धरला. एक बाई शेजारणीला म्हणाली, "आता माणूसही ठेवलाय वाटतं. किती हुबेहूब करतोय."

"सेल्वी... धर गं..."

ती जवळ आली. "हाक मारली होती का, अण्णा?"

"मारली... मारली होती."

"किती वेळा?"

"तीनदा... मी हात नाही लावला. बघायला उभा होतो मी... नुसता बघायला..."

घोळक्यातल्या एका गृहस्थाला शंका आली असावी. तो पुढे सरसावला. सेल्वीनं हात आडवा घातला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "इथं नुसतं बघायचं असतं."

शुद्धीवर आलो तेव्हा अंबिली माझ्या तोंडावर पाणी मारत होती. पोतं जागच्या जागी होतं, सरळ. तिनं माझ्यादेखत ते उतरवून काट्यावर ठेवलं. चार किलो भरलं. डॉक्टरांनी मानेचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. प्रदर्शन उठलं. सेल्वी अजून गजरे विकते, पण जेवलात का म्हणून विचारत नाही.

मी बरा आहे. हिंडतो-फिरतो. मात्र एक गोष्ट अजून कोणाला सांगितली नाही. आमच्या बाजारात मोकळ्या माणसानं ओझेवाल्याला वाट द्यायची असते. हल्ली मी रिकाम्या हातानं निघालो तरी हमाल भिंतीला चिकटून मला वाट देतात. आपण असं करतोय हे त्यांच्या लक्षातही येत नसावं. परवा समोरून आमच्या टोळीतला म्हातारा हंसा आला. त्याची दृष्टी गेलीय, पावलांच्या आवाजावरून तो माणूस ओळखतो. माझी पावलं ऐकून तो बाजूला झाला, थोडा थांबला, आणि हलकेच म्हणाला,

"अंताप्पा, फार लांबून आणतोयस वाटतं... कुठं उतरवणार?"