फाटक होतं तसं

"मेंढ्या कुठायत?" विल्फने विचारलं.

कुरणात एकही मेंढी नव्हती. होतं ते फक्त गवत, आणि पलीकडच्या कुंपणात सताड उघडं फाटक.

विल्फ आणि त्याची मोठी बहीण हेटी सुट्टीसाठी साल्टरिग गावात विनीआत्याकडे आली होती. दातांच्या डॉक्टरकडे जाण्यासाठी आत्याने सकाळची बस पकडली, तेव्हा एकच काम सांगितलं होतं : नऊ वाजता कुरणावर नजर टाका. आता पावणेअकरा झाले होते. मधला वेळ कुठे गेला हे कुणालाच सांगता येईना. तिघांच्याही ओठांना मात्र जॅम लागलेला होता.

तिसरी केझी, शेजारची. ती भरतीच्या वेळा पाढ्यांसारख्या म्हणायची. तिने फाटकातून खाली पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"त्या खाजणात गेल्यात. आज अमावास्येची भरती आहे! बारा वाजता सगळं खाजण पाण्याखाली असतं. म्हणून तर आत्याने कालच त्यांना वर आणलं होतं!"

दूर, करड्या धुक्यात, चौतीस पांढरे ठिपके खारं गवत खात होते. वारा थांबला होता. पक्षीसुद्धा गप्प होते. विनीआत्याकडे या मेंढ्यांखेरीज एक केटली आणि दुखरी दाढ, एवढंच होतं.

"पण फाटक उघडलं कुणी?" विल्फने विचारलं.

तेवढ्यात पायवाटेने एक जोडपं आलं. हॅट उचलून "छान सकाळ!" म्हणालं, उघड्या फाटकातून गेलं आणि फाटक तसंच ठेवून चालू लागलं.

"अहो, थांबा! लावा ना ते!" हेटी ओरडली.

"छे छे!" गृहस्थ दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "फाटक जसं मिळालं तसंच ठेवावं. तो खेड्यातला नियम आहे, बाळ."

आता कळलं! सकाळपासून जो आला त्याने नियम पाळला होता. एकही उद्धट माणूस या वाटेने गेला नव्हता. हेच दुर्दैव!

तिघं खाजणात धावली. विल्फ हात पसरून ओरडला, तशी निम्मी मेंढरं डावीकडे पळाली, निम्मी उजवीकडे, आणि एक म्हातारी मेंढी त्याच्याकडे बघत चघळत राहिली.

"हिला वाटतंय मी गवत आहे!"

"गप रे. ऐक," केझीने त्याला थांबवलं.

सुळसुळ आवाज येत होता. समुद्राकडून नव्हे, मागून! खाजणातल्या चरांतून पाणी आधी शिरतं आणि परतीची वाट कापतं. मघाशी कोरडा ओलांडलेला चर आता घोट्यापर्यंत भरला होता.

"तिघांचं काम नाही हे," केझी म्हणाली. "भिंतीसारखी रांग हवी. पंधरा-वीस माणसं."

पंधरा-वीस माणसं गावात एकाच ठिकाणी होती. तिघं पाणी तुडवत तिकडे धावली. चर्चच्या शेडमध्ये मिस्टर ऑलरॉइड यांची पदभ्रमण मंडळी अकराचा चहा घेत होती.

"अशक्य!" ऑलरॉइड बिस्किट बुडवत म्हणाले. "आमची मंडळी आखलेली वाट सोडत नाही. शिवाय मेंढ्या आमच्या नाहीत. मालकिणीला चिठ्ठी लिहा."

"ती येईपर्यंत बुडतील हो!"

"मग चिठ्ठी थोडक्यात लिहा."

हेटीने दाराशी टेकवलेली लाल छत्री पाहिली. वाट चुकू नये म्हणून ऑलरॉइड ती उंच धरून पुढे चालत, आणि मंडळी छत्रीमागे. छत्रीखाली कोण आहे, हे सहा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

हेटीने छत्री उचलली, उंच धरली आणि निघाली.

"अरे, निघालो वाटतं!" कुणीतरी कप खाली ठेवला. सतरा जण हवेबद्दल बोलत मागून निघाले. सर्वात शेवटी ऑलरॉइड, "थांबा, ती मी नाही!" असं ओरडत. पण सगळ्यांचे डोळे छत्रीवर होते.

पाणी बुटांना लागल्यावर मंडळी भानावर आली. समोर धुकं, धुक्यात मेंढ्या, त्यांच्यापलीकडे सरपटत येणारी राखाडी रेघ.

"रांग करा! हात पसरा!" केझी गरजली. "समुद्राच्या बाजूने!"

रांग हा शब्द ऐकल्यावर त्या लोकांना आणखी काही सांगावं लागत नाही. इंचभर वाकडी नाही! कळप हलला. पाणी गुडघ्याला आलं. मागे राहिलेलं एक कोकरू चरात घसरलं आणि दिसेनासं झालं. विल्फने खांद्यापर्यंत हात घातला, कान सापडला, मग पाय, आणि त्याने ते ओढून छातीशी धरलं. चौतिसावं!

शेवटचा माणूस वर चढला आणि फाटक लागलं. ते आत्याने लावलं. ती नुकतीच बसमधून उतरून, सुजलेल्या गालाने तिथे उभी होती.

"कुणी उघडलं?" तिने विचारलं.

"एखादा बेजबाबदार शहरी," ऑलरॉइड बुटातलं पाणी ओतत म्हणाले.

"सकाळी आम्ही इथून गेलो तेव्हा तर लावलेलं होतं," मिसेस बिकरस्टाफ नावाच्या आजीबाई गोडपणे म्हणाल्या. "तुम्हीच ते उघडून दगड लावून ठेवलंत ना, मिस्टर ऑलरॉइड? सतरा जणांना पटपट जाता यावं म्हणून. शेवटी मिस्टर पिम होते. त्यांनी फक्त दगड बाजूला केला."

"मला ते उघडंच मिळालं," मिस्टर पिम म्हणाले. "मग तसंच ठेवलं."

ऑलरॉइड यांचा चेहरा छत्रीच्या रंगाचा झाला. हॅट काढून ते कसेबसे म्हणाले, "मॅडम, चूक माझी. आणि ही मुलं... माझ्यापेक्षा बरी पुढारी आहेत."

"तुम्हाला नऊ वाजता बघायला सांगितलं होतं," आत्या मुलांकडे वळली. हेटीने मान खाली घातली. "चुकलं, आत्या."

आत्याने तिघांना न्याहाळलं. खाली खाजण नव्हतंच आता. जिथे मेंढ्या चरत होत्या तिथे सपाट पाणी होतं, आणि ते अजून वाढत होतं.

"वाईट नाही केलंत," ती म्हणाली आणि कोकरू घेऊन घराकडे निघाली.

"एवढंच?" विल्फ कुरकुरला.

"मूर्खा," केझी कुजबुजली, "गेल्या वर्षी पाद्रीबुवांनी हिचं जळतं घर विझवलं. तेव्हा ही म्हणाली होती, 'ठीक.'"