पोथीचा झगा

नेहमीचा टेलर बंद होता, म्हणून रूबेन झिराडकर औंढ्याच्या स्टँडामागं दीक्षाच्या दुकानात शिरला. हातात जांभळी मखमल, अन् मापाला एक विटकं, जुनं कापड. दीक्षानं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"हा कुणाचा झगा म्हणायचा? गळा न्हाई, बाह्या न्हाई... वर नुसती दोन भोकं!"

"आमच्या पोथीचा, तोराचा," तो हसला. "दोन दांड्यांवर गुंडाळलेली असते. मी ज्यू आहे, अलिबागकडचा. इथं सिद्धेश्वर धरणावर नोकरीला."

पोथी वर्षभर थोडी थोडी वाचायची, सिम्हात तोराच्या सणाला संपवायची, अन् त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून धरायची. मग तिला कवेत घेऊन सगळे नाचतात. "यंदा सुरुवातीचा मान माझा. ज्याचा मान, त्याला नवरदेव म्हणतात."

"अन् नवरी?"

"ती अजून... शोधतोय," म्हणाला अन् कानापर्यंत लाल झाला.

मग काय! शिलाई बघायच्या निमित्तानं गडी रोज हजर. चहा व्हायचा, चिडवाचिडवी व्हायची. दीक्षाही लबाड, एका दुपारचं काम आठवडाभर पुरवलं. जीव जडला होता, दुसरं काय!

पण झगा देताना तिचा हात अडखळला. मागं एका बाईनं देवाचं वस्त्र शिवायला टाकलं होतं, अन् ही बौद्धवाड्यातली हे कळताच तसंच परत नेलं होतं.

"माझ्या हातचं चालंल ना तुमच्या पोथीला? घरी सांगताल, कुणी शिवलं?"

"सांगणार," एवढंच बोलून तो कोकणात गेला.

ऐन दिवाळीची ब्लाऊजं पडली होती, पण दीक्षाचं चित्त थाऱ्यावर कुठं? सण झाला अन् एका सकाळी तो खांद्यावर बॅग घेऊन दारात उभा.

"पोथी निघाली की जो तो झग्याला हात लावतो, अन् तो हात ओठांना," तो म्हणाला. "सगळ्यांनी लावला. आईनंही."

दीक्षाचे डोळे भरून आले. "अन्... सांगितलं?"

"तिथंच सांगितलं. दीक्षानं शिवलाय, अन् मला तिच्याशीच लग्न करायचंय."

"अगं बाई! मग?"

"आई टाळ्या वाजवायची थांबली. मी निघताना म्हणाली, त्या मुलीला तरी विचारलंस का?" त्यानं बॅग खाली ठेवली. "म्हणून खोलीवर न जाता आलो. विचारतो... कराल?"

"करीन," दीक्षा म्हणाली. "पण आमच्या घरी बी असंच चारचौघांत सांगायचं. आजच."

अन् ऐन दिवाळीत दुकानाला कुलूप घालून ती त्याच्यासोबत घराकडं निघाली.