मोशीच्या बंगल्याचा चार्ज

यातला एक शब्दही मी वाढवलेला नाही. अर्धं माझे चुलते हिंदुरावकाका यांनी सांगितलं, उरलेलं माझ्यासमोर घडलं.

२० मे १९६३, सोमवार. भर दुपार.

चाकण रस्त्यावर, मोशीच्या अलीकडे, इंग्रजांच्या वेळचा एक सरकारी बंगला होता. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यांच्या वसाहतीसाठी ताब्यात द्यायचा होता.

जमीन मोजली. खुर्च्या मोजल्या. उरला एक माणूस.

धोंडीबा. १९३१ साली गोऱ्या साहेबाने नेमलेला कारकून. नेमणारं ऑफिस कधीच बंद पडलेलं. हा माणूस कोणाच्या खात्याचा, यावर तीन खात्यांचे तीन साहेब व्हरांड्यात वाद घालत होते. काका तेव्हा सरकारी नोकरीत, ते टिपण घेत होते.

“नदीचं पाणी मोजतो. म्हणजे तुमचा माणूस.”

“राहतो तुमच्या बंगल्यात, राव!”

“मग राजाचाच म्हणा. पाठवा विलायतेला.”

सगळे हसले.

धोंडीबा दारात उभा होता. हातात किल्ली.

“सायेब, कुणीबी घ्या. चार्ज दिल्याबिगर मला जाता येत न्हाई.”

कुणी हात पुढे केला नाही.

काकांना राहवलं नाही. त्यांनी किल्ली घेतली.

मे महिन्यात ती बर्फासारखी गार होती...

“घेतला न्हवं चार्ज?”

“घेतला, बाबा. जा आता.”

तो मागच्या खोलीकडे गेला. पावलं वाजली... मग थांबली. दार वाजलंच नाही.

थोड्या वेळाने साहेब ती खोली बघायला निघाले.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

काकांनी त्याच किल्लीने ते उघडलं.

खाटेवर धोंडीबा होता. वाळून गेलेला. बोलावून आणलेले गावचे पोलीस पाटील म्हणाले, “पंधरा दिस तरी झालं आसतील.”

एक साहेब हळूच म्हणाला, “प्रेत कोणत्या खात्याने उचलायचं?”

पुढे बंगला पाडला. तिथे कारखाना उभा राहिला. काकांकडची किल्ली कोण घेणार? तिचं दारच उरलं नव्हतं.

बदली कुठेही होवो, दर सोमवारी दुपारी काका त्या कारखान्याच्या फाटकाशी उभे असत.

मे १९८१. काका अंथरुणाला खिळले. बारा दिवस पोटात अन्न नाही. नाडी लागेना, पण डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, “हे जिवंत कसे, मला सांगता येत नाही.”

काकांनी मूठ उघडली.

“घेतोस?”

हाल बघवत नव्हते. मी किल्ली घेतली.

काका त्याच क्षणी गेले.

याला आठ महिने झाले. गेल्या सोमवारी दुपारी मी आमच्या वर्तमानपत्राच्या बातमीसाठी पिंपरीला निघालो होतो. भानावर आलो, तेव्हा त्या फाटकाशी उभा होतो.

शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं...

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

काल माझी बायको नीला म्हणाली, “ती गंजकी किल्ली कशाला जवळ बाळगता? द्या इकडे, मी ठेवते.”

तिने हात पुढे केला.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला... किल्ली बाहेरही आली.

मी मूठ आवळली.

अजून आवळलेलीच आहे.