दोन बोटांची जागा

जेवण उरकून धाकटा पॉलीहाऊसकडे निघाला, तेव्हा ऊन मी म्हणत होतं. काम रोजचंच. काकडीचे वेल सुतळीला गुंडाळायचे.

थोरल्याच्या चितेची राख निवते न निवते तोच धाकट्याने त्याचे गादीवाफे आपल्या घशात घातले होते. वहिनी सकाळीच दारात येऊन गेली. निदान एक वाफा तरी राहू द्या म्हणाली, त्यातली माती त्यांनी डोक्यावरून वाहिलीय. माती काय कोणी वर घेऊन जातं का, असं म्हणून धाकट्याने तिची बोळवण केली. गोड बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

आत दमट वाफ अंगाला चिकटली. ठिबकच्या नळ्या टपटपत होत्या. थोरल्याच्या वाफ्यापाशी येऊन धाकटा थबकला. वेल सगळे उलटे गुंडाळलेले.

थोरला डावखुरा. गुंडाळणंही उलटं, आणि गाठ मारताना देठाभोवती दोन बोटांची जागा सोडायची खोड. वेल वाढतो, त्याला काचता कामा नये, म्हणायचा. काकडीला बाळंतविडा कधी नेतोस, म्हणून धाकटा चिडवायचा.

कालच तर धाकट्याने हे वेल सोडवून सरळ केले होते. वहिनीचेच धंदे, दुसरं कोण. त्याने दात खात एकेक गाठ ओरबाडली. एक देठ कटकन मोडला.

ठिबक थांबलं. मागून तंबाखूचा वास आला, थोरल्याच्या तोंडाला यायचा तसा. मग रिळावरून सुतळी ओढल्याचा आवाज. सर्र... सर्र...

"कोण आहे...? वहिनी...?"

मागे वळायची त्याची छाती झाली नाही. तो पुढच्या दाराने धडपडत बाहेर पडला. वहिनी समोरच नळावर हंडा भरत होती. त्याच्याकडे बघता बघता हंडा भरून वाहू लागला.

"भाऊजी... गळ्यात काय ते?"

त्याने चाचपलं. सुतळी. उलटी गुंडाळलेली, हनुवटीखाली गाठ. वहिनीने आत दोन बोटं घालून पाहिली. आरामात गेली.

"त्यांचीच गाठ," ती हळूच म्हणाली. "अजून जागा ठेवलीय. वाफा देऊन टाका, भाऊजी."

धाकट्याने विळ्याने सुतळी कापली आणि मेलेल्याला कशाला हवी काकडी, असं तिच्या तोंडावर फेकलं. हट्टाला औषध नाही.

दुसऱ्या दिवशी तो विळा घेऊनच आत शिरला. ना वास, ना आवाज. सगळे वेल त्याने आपल्या पद्धतीने आवळले आणि गालात हसत घरी आला. बायकोकडे पाणी मागितलं. पहिलाच घोट घशाशी अडला.

"कॉलर का लावलीत एवढ्या उन्हाची?" म्हणत बायकोने वरचं बटण काढलं. मग तिचा हात तिथेच थांबला.

आज एकच बोट आत जात होतं.