आंबेमोहोराचा वास

करोनाने माझं नाक नेलं ते नेलंच. चव थोडीफार परत आली, वास नाही. नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाचं त्यावाचून काही अडत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. त्यामुळे एका दिवेलागणीला मुक्ता म्हणाली, "अहो, गॅलरीत भाताचा वास येतोय. आंबेमोहोर, वर तूप," तेव्हा खात्री करायला घरात दुसरं नाक नव्हतं. गॅस तर पेटवलेलाही नव्हता.

शेजारी विचारू म्हटलं, तर ती नको म्हणाली. का, ते मला ठाऊक होतं. तिच्या आईचं शेवटी असंच सुरू झालं होतं. आधी भाताचा वास. मग ताट पुढे केलं की त्या म्हणायच्या, "जेवले गं मी. आत्ताच तर भरवलं." कोणी भरवलं, ते त्यांना सांगता यायचं नाही. आता मुक्ताला रोज वास यायचा. जेवणही कमी झालं. मी धास्तावलो.

एका संध्याकाळी गॅलरीला टेकलेल्या चिकूच्या फांदीवर काहीतरी हललं. मांजर म्हणावं तर तोंड लांबोडं, डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपूट अंगाएवढी. आमच्याकडे निवांत बघत त्याने चिकू संपवला आणि केबलवरून चालत पलीकडच्या पत्र्यावर गेलं.

मी फोटो अमीनला पाठवला. अमीन माझ्या ऑफिसातला, कसब्यातला. निवृत्तीनंतर प्राण्यांच्या मागे लागलेला. दुसऱ्या दिवशी स्वतःच आला.

"उदमांजर आहे, जयसिंगराव. झाडावर राहतं, फळं खातं. पेठांमध्ये पूर्वीपासून आहे, तुम्ही मान वर करत नाही एवढंच. आणि त्याच्या अंगाला वास असतो, थेट शिजलेल्या आंबेमोहोराचा."

मुक्ता मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली.

"आणि तुपाचा?"

"तूप तुमच्या घरचं, वहिनी."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. पुढचे महिने फार सुखाचे गेले. आम्ही गॅलरीत केळं ठेवायचो. वास आला की ती म्हणायची, "आले तुमचे पाहुणे," आणि मी नुसती मान डोलवायचो. चिकू संपले तसं उदमांजर दिसेनासं झालं. वासही गेला, असं मुक्ता म्हणाली.

काल दिवेलागणीला मी गॅलरीत बसलो होतो. झाड रिकामं होतं.

आणि मला वास आला. इतक्या वर्षांनी, पहिला. गरम, मऊ भाताचा.

मग तुपाचा.

डोळ्यांत पाणी आलं. इतकं बरं वाटलं की हलावंसंच वाटेना.

आतून मुक्ताने हाक मारली. "अहो, ताट वाढलंय."

"जेवलो मी," मी म्हणालो.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मी ओठांवरून हात फिरवला. बोटांना तूप लागलं. अजून कोमट होतं.